पाणीकपातीत सोसायटीच्या पाण्याचा हिशेब : मोजणी, गळतीचा शोध आणि नियमांची अंमलबजावणी

पाणीकपातीचे पत्रक फलकावर लागले की बहुतेक गृहनिर्माण संस्थांमध्ये पहिली बैठक दंडावरच होते. गाडी पाइपने धुणाऱ्याला किती, कुंड्यांना भरमसाट पाणी घालणाऱ्याला किती, यावर तासभर खडाजंगी होते आणि ‘आपल्या इमारतीत रोज नेमके किती पाणी येते आणि किती संपते?’ या साध्या प्रश्नाला कोणाकडेच उत्तर नसते. मी आठ वर्षे पुण्यातील एका संस्थेचा सचिव म्हणून आणि नंतर शेजारच्या संस्थांना मदत करणारा म्हणून हे काम पाहिले आहे. चुका जवळपास सगळीकडे त्याच होतात आणि त्यांतील मोठी चूक क्रमाची असते. आधी मोजणी, मग गळतीचा शोध, मग वाटपाचे वेळापत्रक आणि सर्वांत शेवटी नियम व दंड, असा हा क्रम आहे. तो उलटा केला तर रहिवाशांची भांडणे वाढतात आणि पाणी मात्र तितकेच संपत राहते.

पुढील उदाहरणांत दोन विंग, ६४ सदनिका आणि २३० रहिवासी असलेली संस्था धरली आहे. आपल्या इमारतीचे आकडे वेगळे असतील. रीत तीच राहील.

सुरुवातीपूर्वी : आदेश वाचणे आणि साहित्य जमवणे

महापालिकेचा आदेश समाजमाध्यमावर फिरणाऱ्या चित्रावरून न वाचता मूळ पत्रकावरून वाचावा आणि त्यातून तीन गोष्टी वेगळ्या काढाव्यात : कपात कोणत्या प्रकारची आहे, कोणत्या वापरावर बंदी आहे आणि ती कधीपासून लागू आहे. प्रकार समजून घेणे सर्वांत महत्त्वाचे, कारण तयारी त्यावर अवलंबून असते. मुंबईत २०२४ मध्ये ३० मेपासून ५ टक्के आणि ५ जूनपासून १० टक्के कपात लागू झाली. ही टक्केवारीची कपात होती. पुण्यात मे २०२३ मध्ये दर गुरुवारी पाणी बंद ठेवण्यात आले. ही दिवसाची कपात होती. बंगळुरूमध्ये मार्च २०२४ मध्ये पिण्यायोग्य पाण्याने गाड्या धुणे, बागेला पाणी घालणे यांसारख्या वापरावर बंदी घालून ५,००० रुपयांचा दंड ठेवण्यात आला. ही वापराची बंदी होती.

टक्केवारीच्या कपातीत सर्वांना सारखेच दहा टक्के कमी मिळते, ही समजूत चुकीची आहे. जलवाहिनीच्या शेवटच्या टोकाला किंवा उंचावर असलेल्या इमारतीत दाब आधीच कमी असतो. तिथे दहा टक्क्यांची कपात प्रत्यक्षात तीस टक्क्यांसारखी भासू शकते. दिवसाच्या कपातीचे गणितही एका दिवसाचे नसते. गुरुवारी पाणी बंद असेल, तर पत्रकाच्या शेवटच्या ओळीत ‘शुक्रवारी सकाळी उशिरा व कमी दाबाने पाणीपुरवठा होईल’ असे लिहिलेले असते आणि नेमकी तीच ओळ वाचायची राहून जाते. साठा दीड ते दोन दिवसांचा धरावा.

साहित्य थोडेच लागते : बारा फुटी सरळ ॲल्युमिनियमची किंवा पीव्हीसीची पट्टी, न पुसली जाणारी शाई, मापटेप, रेघा मारलेली जाड वही, बॅटरी, दहा लिटरची बादली आणि नीळ. मोबाइलमधील तक्ता हौसेने जरूर ठेवावा, परंतु मूळ नोंद वहीतच करावी; पहाटे साडेचारला टाकीचे झाकण उघडणाऱ्या माणसाला वही आणि पेन सोयीचे पडते.

टप्पा १ : टाकीची मापदांडी तयार करणे

‘टाकी ६० हजार लिटरची आहे’ हे वाक्य बिल्डरच्या माहितीपत्रकातून आलेले असते. ते बाजूला ठेवून टाकीची आतली लांबी व रुंदी स्वतः मोजावी, आणि आत खांब किंवा मधली भिंत असल्यास त्यांचे क्षेत्रफळ वजा करावे. समजा, भूमिगत टाकी आतून ६ मीटर लांब व ४ मीटर रुंद आहे. तिच्यातील पाण्याचा प्रत्येक सेंटिमीटर म्हणजे २४० लिटर. ही एक संख्या झाकणाच्या आतल्या बाजूला रंगाने लिहून ठेवली की पुढचे सगळे हिशेब सोपे होतात. हेच गच्चीवरील प्रत्येक टाकीसाठी करावे. ४ मीटर बाय ३ मीटरच्या टाकीत एका सेंटिमीटरला १२० लिटर येतात.

पट्टीवर दर सेंटिमीटरला बारीक आणि दर दहा सेंटिमीटरला ठळक खूण करावी. पट्टी नेहमी टाकीच्या एकाच जागी, सरळ उभी टेकवावी, कारण टाकीचा तळ बहुधा उतरता असतो आणि जागा बदलली की आकडाही बदलतो. ती जागा झाकणाच्या कडेवर रंगाच्या ठिपक्याने दाखवून ठेवावी.

*इशारा :* टाकीत उतरून मोजमाप करू नये. बंद टाकीत हवा कोंडलेली असते आणि एकट्या माणसाचा जीव त्यात जाऊ शकतो. आतली मापे झाकणातून पट्टी व टेप सोडून घ्यावीत किंवा पुढच्या सफाईच्या दिवशी, टाकी उघडी व हवेशीर असताना आणि वर दुसरा माणूस उभा असताना घ्यावीत.

*इशारा :* अग्निशमनाच्या टाकीतील पाणी साठ्यात धरू नये. कपात कितीही कडक असली, तरी ते पाणी वापरायचे नाही. काही इमारतींत घरगुती आणि अग्निशमनाच्या टाक्या एकमेकींना जोडलेल्या असतात, तिथे अग्निशमनाच्या राखीव पातळीखालील भाग पट्टीवर लाल रंगाने वेगळा दाखवावा.

टप्पा २ : रोजची नोंद

नोंद दिवसातून एकदाच, परंतु ठरलेल्या वेळी करावी. महापालिकेचे पाणी येण्यापूर्वीची पहाटेची वेळ सर्वांत चांगली, कारण तेव्हा आवकही नसते आणि वापरही कमी असतो. वहीत सहा रकाने पुरतात : आरंभीचा साठा, महापालिकेच्या मीटरवरील आकडा, टँकर, बोअर, अखेरचा साठा आणि शेरा. आजचा अखेरचा साठा हाच उद्याचा आरंभीचा साठा.

वापराचे सूत्र किराणा दुकानदाराच्या हिशेबासारखेच आहे : आरंभीच्या साठ्यात दिवसभराची आवक मिळवावी आणि त्यातून अखेरचा साठा वजा करावा. उदाहरणार्थ, सर्व टाक्या मिळून आरंभी ४८,००० लिटर होते, मीटरवरून ३१,००० लिटर आले, एक टँकर १०,००० लिटरचा घेतला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे ४३,००० लिटर उरले. तर चोवीस तासांत ४६,००० लिटर गेले. २३० रहिवाशांनी भागल्यास माणशी २०० लिटर. मलनिस्सारणाची व्यवस्था असलेल्या शहरांसाठी माणशी रोज १३५ लिटर हे प्रमाण सर्वसाधारणपणे धरले जाते. त्यापेक्षा आपण किती वर आहोत हे पहिल्याच आठवड्यात कळते. आकडा डोळ्यांपुढे यावा म्हणून एक तुलना सांगतो : एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची जी पहिली रेल्वे गेली, तिच्या दहा वाघिणींतून सुमारे ५ लाख लिटर पाणी पोहोचले, ते पाणी या एका सोसायटीला आजच्या वेगाने अकरा दिवसही पुरले नसते.

मीटर वाचताना सर्वाधिक गोंधळ एककांचा होतो. मीटरवरील काळे अंक बहुधा घनमीटर दाखवतात आणि एक घनमीटर म्हणजे १,००० लिटर. लाल अंक त्याखालील अपूर्णांक दाखवतात. एकाने लाल अंकांसह आणि दुसऱ्याने लाल अंक वगळून नोंद केली की वही आठवडाभर निरुपयोगी होते. मीटरचा आकडा कसा लिहायचा, याचा एक नमुना वहीच्या पहिल्या पानावर काढून ठेवावा.

दुसरी अडचण हवेची असते. जलवाहिनी रिकामी राहिल्यानंतर पाणी सुरू होते, तेव्हा आधी नळीतील हवा बाहेर पडते आणि ती यांत्रिक मीटरचे चक्र फिरवते. आमच्याकडे एका शुक्रवारी सकाळी मीटरची चांदणी गरगर फिरत होती आणि टाकीत पडणाऱ्या पाइपमधून नुसता फुस्स आवाज येत होता. पाणी नंतर आले. म्हणून आठवड्यातून दोनदा पंप बंद ठेवून, मीटर आणि पट्टी यांची पडताळणी करावी. मीटरने ९,००० लिटर दाखवले आणि पातळी ३४ सेंटिमीटर वाढली, म्हणजे ८,१६० लिटरच आले, तर ८४० लिटरची तफावत शेऱ्यात लिहावी. एका दिवसाच्या तफावतीवरून काही ठरवू नये. चार-पाच पडताळण्यांत ती एकाच बाजूची दिसली, तर त्या नोंदी जोडून मीटर तपासणीसाठी लेखी अर्ज करावा. नोंदीशिवाय केलेल्या तोंडी तक्रारीचा उपयोग होत नाही.

*तपासणी :* सलग सात दिवसांच्या नोंदी पूर्ण झाल्या का? एकही दिवस रिकामा नाही ना? मगच पुढील टप्प्याकडे वळावे. तीन दिवसांच्या आकड्यांवर निष्कर्ष काढण्याची घाई होते, परंतु रविवारचा वापर आणि पाणी बंद असलेल्या दिवसाचा वापर यांत मोठा फरक असतो.

टप्पा ३ : रात्रीची चाचणी

संपूर्ण प्रक्रियेतील सर्वांत फलदायी काम हे आहे आणि सर्वाधिक टाळले जाणारेही हेच, कारण त्यासाठी कोणाला तरी रात्री जागावे लागते. पहाटे १ ते ४ या वेळेत माणसांचा वापर जवळजवळ थांबलेला असतो; या वेळेत टाकीतून जे पाणी जाते, त्यातील बहुतांश गळतीच असते.

१. रात्री साडेबारापर्यंत गच्चीवरील टाक्या भरून घ्याव्यात आणि पंप मुख्य स्विचवरून बंद करावा. पंप स्वयंचलित असेल, तर केवळ बटण बंद करून भागत नाही.

२. महापालिकेच्या जोडावरील झडप बंद करावी.

३. बरोबर १ वाजता प्रत्येक टाकीची पातळी पट्टीने घ्यावी आणि मोबाइलमध्ये पट्टीचे छायाचित्रही काढावे.

४. बरोबर ४ वाजता तीच नोंद पुन्हा घ्यावी. मधल्या वेळेत कोणतीही झडप हलवू नये.

आता अर्थ लावावा. समजा, ‘अ’ विंगच्या गच्चीवरील टाकीत तीन तासांत ७ सेंटिमीटर घट झाली. म्हणजे ८४० लिटर, तासाला २८०, आणि हीच गती दिवसभर धरल्यास ६,७२० लिटर. माणशी २९ लिटरांहून अधिक पाणी, कोणीही एक नळ न उघडता! यातून रात्री उठणाऱ्यांच्या फ्लशचे शे-दोनशे लिटर वजा केले, तरी चित्र बदलत नाही. गाडी धुणाऱ्यावरून झालेल्या भांडणात अडकलेल्या समितीला हा आकडा दाखवला की बैठकीचा सूर बदलतो.

भूमिगत टाकीची पातळी या काळात स्थिर राहिली पाहिजे. ती घटली, तर भिंतीतून किंवा तळातून गळती आहे. ती वाढली, तर आनंद मानू नये : एकतर झडप पूर्ण बंद झालेली नाही किंवा बाहेरचे पाणी टाकीत झिरपत आहे. दुसरी शक्यता आरोग्याला धोकादायक आहे, कारण शेजारून बहुधा सांडपाण्याची वाहिनी गेलेली असते. अशा वेळी टाकी दुरुस्त होईपर्यंत ते पाणी पिण्यासाठी वापरू नये.

*नेहमीची चूक :* ओव्हरफ्लोकडे दुर्लक्ष. अनेक इमारतींत गच्चीवरील टाकीचा ओव्हरफ्लो पाइप थेट पावसाळी पाण्याच्या पाइपात सोडलेला असतो, त्यामुळे बॉल कॉक बिघडला आणि टाकी रात्रभर वाहिली, तरी खाली कोणालाच दिसत नाही. प्लंबरकडून त्या पाइपाचे तोंड कापून दिसेल अशा जागी, शक्यतो वॉचमनच्या केबिनसमोर आणावे. काही शे रुपयांच्या या कामाइतका लाभ दुसऱ्या कोणत्याही उपकरणाने झालेला मी पाहिलेला नाही.

टप्पा ४ : घरोघरची गळती

रात्रीच्या चाचणीने विंग कळते, घर कळत नाही. त्यासाठी एका रविवारी प्लंबरला सोबत घेऊन प्रत्येक सदनिकेत जावे आणि मुख्यतः फ्लशची टाकी तपासावी. टाकीत चमचाभर नीळ टाकून अर्धा तास फ्लश वापरू नये, असे घरातल्यांना सांगून पुढच्या घरी जावे. परत आल्यावर कमोडमध्ये निळसर पाणी दिसले, तर टाकीचे वॉशर गेलेले आहे. ठिबकणारा नळ दिवसाला साधारण वीस लिटर वाया घालवतो आणि सर्वांच्या डोळ्यांत खुपतो; फ्लशची गळती त्याच्या कित्येक पट असू शकते आणि ती भिंतीलगत गुपचूप वाहत असल्याने वर्षानुवर्षे कळत नाही.

वॉशर, बॉल कॉक आणि प्लंबरची मजुरी यांचा खर्च या एका फेरीसाठी संस्थेने करावा, असे माझे मत आहे. ‘ज्याचे त्याने दुरुस्त करावे’ म्हटले की निम्मी घरे महिनाभर काहीही करत नाहीत. बंद असलेल्या आणि भाड्याने दिलेल्या सदनिका शेवटी राहून जातात. त्यांच्या किल्ल्या आधीच मिळवून ठेवाव्यात. फेरीनंतर आठवड्याने रात्रीची चाचणी पुन्हा करावी.

टप्पा ५ : टँकरचे माप आणि पाण्याची तपासणी

दहा हजार लिटरचा टँकर रिकामा झाल्यावर २४० लिटर प्रतिसेंटिमीटरच्या टाकीत पातळी जवळपास ४२ सेंटिमीटरने वाढली पाहिजे. ३६ सेंटिमीटरच वाढली, तर ८,६४० लिटर आले. हे गणित बरोबर आहे, परंतु ते लावताना आमचीच फजिती झालेली आहे. सलग तीन टँकर ‘कमी’ भरले म्हणून आम्ही चालकाला गेटवर थांबवून बरेच सुनावले. चौथ्या दिवशी मी स्वतः टाकीपाशी उभा होतो, तेव्हा टँकरची नळी टाकीत सुरू असतानाच मागे पंपाचा आवाज आला. गच्चीवरील टाकीची पातळी खाली गेली होती आणि स्वयंचलित पंप खालचे पाणी वर ओढत होता. चालकाची माफी मागावी लागली.

म्हणून क्रम असा ठेवावा : पंप मुख्य स्विचवरून बंद, महापालिकेची झडप बंद, पट्टीची पहिली नोंद, टँकर रिकामा, पाणी स्थिर होण्यासाठी दहा मिनिटे थांबणे, पट्टीची दुसरी नोंद आणि मगच पावतीवर सही. पावतीवर वाहन क्रमांक, वेळ आणि दोन्ही नोंदी लिहाव्यात. एवढे सगळे करूनही माप सातत्याने कमी भरत असेल, तर पुरवठादाराच्या माणसासमोर तीच मोजणी करून दाखवावी. वाद तिथेच मिटतो.

टँकरचे पाणी कोणत्या स्रोतातून भरले आहे, हे दरवेळी विचारून लिहावे. पाण्यात उरलेले क्लोरीन तपासण्याची ओटी चाचणीची बाटली औषधाच्या किंवा प्रयोगशाळा साहित्याच्या दुकानात मिळते. नमुन्यात थेंब टाकल्यावर पिवळी छटा आली नाही, तर ते पाणी पिण्यासाठी धरू नये. नळाच्या टोकाला प्रतिलिटर ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन असावे, हा साधारण निकष आहे. विहिरीचे किंवा बोअरचे पाणी पिण्याच्या टाकीत मिसळण्याऐवजी, शक्य असेल तिथे ते फ्लशच्या वेगळ्या टाकीकडे वळवावे.

टप्पा ६ : वाटपाचे वेळापत्रक

गळती थांबवूनही पाणी पुरत नसेल, तरच वाटपाकडे वळावे. इथे दोन मार्ग असतात : नळाचे तास कमी करणे किंवा तास तेच ठेवून प्रवाह कमी करणे. जवळपास प्रत्येक समिती पहिला मार्ग निवडते, कारण तो वॉचमनकडून चावी फिरवून घेता येतो. मला दुसरा मार्ग अधिक बरा वाटतो. पाणी तासांवर आले की घराघरांत पिंप, बादल्या, पातेली, जे हाताला लागेल ते भरले जाते आणि दुसऱ्या दिवशी ताजे पाणी आल्यावर कालचे पाणी ‘शिळे’ म्हणून मोरीत ओतले जाते. झाकलेल्या स्वच्छ भांड्यातील पाणी एका रात्रीत शिळे होत नाही, हे सूचनेत ठळकपणे लिहावे लागते आणि तरीही ते पुरेसे पटत नाही. शिवाय उघड्या पिंपांत डेंग्यूचे डास होतात. ते टाळण्यासाठी आठवड्यातून एक दिवस सर्व भांडी रिकामी करून घासून कोरडी ठेवावी लागतात.

प्रवाह कमी करण्यासाठी बेसिन आणि स्वयंपाकघरातील सिंकच्या नळांना एरेटर, म्हणजे धारेत हवा मिसळून पाणी कमी सोडणाऱ्या जाळ्या, बसवावेत. आधी बादली-घड्याळाची चाचणी घ्यावी : दहा लिटरची बादली एका मिनिटाच्या आत भरत असेल, तर त्या नळाचा प्रवाह गरजेपेक्षा जास्त आहे. मात्र आंघोळीच्या बादलीच्या नळाला एरेटर बसवून काहीही वाचत नाही. बादली तितकीच भरायची असते, फक्त वेळ जास्त लागतो आणि रहिवासी समितीवर चिडतात. आरओ यंत्राचे बाहेर पडणारे पाणी बादलीत धरून लादी पुसण्यासाठी वापरावे.

तास ठरवणे अटळच असेल, तर या गोष्टी पाळाव्यात :

- सकाळ व संध्याकाळ अशा दोन ठरलेल्या वेळा ठेवाव्यात आणि त्या रोज बदलू नयेत. अनिश्चिततेमुळे साठेबाजी वाढते.
- झडप हळूहळू उघडावी. एकदम उघडल्यास नळीत हवा अडकते आणि वरच्या मजल्यांना पाणी पोहोचत नाही.
- गच्चीलगतच्या मजल्यांना दाब सर्वांत कमी मिळतो, तर खालच्या मजल्यांच्या नळांतून पाणी धो धो येते. खालच्या मजल्यांच्या उपझडपा थोड्या आवळून घ्याव्यात. ‘वरच्यांना पाणीच मिळत नाही’ ही तक्रार बहुतेक वेळा तेवढ्याने मिटते.
- बंद काळानंतर नळाला आलेले पहिले काही मिनिटांचे पाणी पिण्यासाठी भरू नये. रिकाम्या नळीत बाहेरची घाण ओढली जाऊ शकते. ते पाणी फ्लशसाठी किंवा लादीसाठी वापरावे.

*इशारा :* महापालिकेच्या वाहिनीला थेट मोटार लावून पाणी ओढू नये. ते नियमबाह्य आहेच. शिवाय आपण ओढलेला दाब शेजारच्या इमारतीच्या वाट्याचा असतो आणि जुन्या वाहिनीच्या सांध्यांतून गटाराचे पाणी आत येण्याचा धोकाही वाढतो.

सदनिकानिहाय मीटर बसवण्याची सूचना या टप्प्यावर हमखास येते. कल्पना चांगली आहे, परंतु कपातीच्या ऐन मध्यावर ती हाती घेऊ नये. आपल्याकडील बहुतेक इमारतींत एका सदनिकेला एकच नळजोड नसतो. स्वयंपाकघर, प्रत्येक न्हाणीघर आणि फ्लश यांच्या वेगवेगळ्या उभ्या वाहिन्या असतात, त्यामुळे एका घराला तीन-चार मीटर लागतात. सध्या प्रत्येक विंगच्या उतरत्या मुख्य वाहिनीवर एकेक मीटर बसवून भागवावे आणि सदनिकांच्या मीटरचा विषय पावसाळ्यानंतरच्या सभेत घ्यावा.

टप्पा ७ : नियम, नोटीस आणि दंड

आता समितीच्या हाती किमान तीन आठवड्यांचे आकडे असतात. नियम थोडे आणि डोळ्यांनी तपासता येतील असे असावेत. ‘पाणी जपून वापरावे’ हा नियम नव्हे, कारण तो मोडला की नाही हे ठरवता येत नाही. ‘पाइप लावून गाडी, जिना किंवा आवार धुऊ नये’ हा नियम आहे. ‘फ्लशची किंवा नळाची गळती कळवल्यापासून तीन दिवसांत दुरुस्त करावी’ हाही नियम आहे.

फलकावर दर सोमवारी विंगनिहाय माणशी वापराचा आकडा लावावा. इथे केप टाउनचे उदाहरण उपयोगी पडते. तिथे फेब्रुवारी २०१८ पासून माणशी रोज ५० लिटरची मर्यादा होती आणि महापालिकेने नकाशावर मर्यादेच्या आत राहिलेल्या घरांवर हिरवे ठिपके दाखवले. ज्यांनी बचत केली त्यांची खूण झाली, उधळणाऱ्यांची नावे फलकावर लागली नाहीत. आपल्या साठ-सत्तर घरांच्या वस्तीत नाव लावण्याचे परिणाम वर्षानुवर्षे भोगावे लागतात. विंगचा आकडा पुरेसा असतो. ‘ब’ विंगचे लोक ‘अ’ विंगला आपोआप टोमणे मारू लागतात.

उल्लंघनाची कारवाई पायरीपायरीने करावी.

१. पहिल्यांदा सचिवाने किंवा समितीच्या सदस्याने समक्ष भेटून सांगावे आणि भेटीची तारीख वहीत लिहावी. वॉचमनला सदस्यांशी वाद घालण्याच्या कामी लावू नये. त्याने फक्त नोंद करावी.

२. पुन्हा तसेच घडल्यास लेखी नोटीस द्यावी. तिच्यात दिनांक, वेळ, जागा आणि मोडलेला नियम असावा. छायाचित्र नळाचे किंवा पाइपाचे घ्यावे, माणसाचे नव्हे.

३. सदस्याला लेखी म्हणणे मांडण्यासाठी मुदत द्यावी.

४. दंडाची रक्कम आधी सर्वसाधारण सभेत मंजूर झालेली असावी. समितीने आपल्याच बैठकीत ठरवून थेट देयकात चढवलेला दंड सहकार खात्याकडे तक्रार गेल्यावर टिकत नाही आणि मग ज्याने दंड भरला तोही पैसे परत मागतो.

*नेहमीची चूक :* चुकीच्या माणसावर कारवाई. गाडी धुणारा मुलगा किंवा भांड्यांच्या कामाला येणाऱ्या मावशी यांना ओरडण्यात अर्थ नाही. त्यांना जसे सांगितले जाते, तसे ते काम करतात. नोटीस सदनिकाधारकाच्या नावे द्यावी. भाडेकरू असल्यास प्रत त्यालाही द्यावी, परंतु मूळ नोटीस सदस्याला.

*इशारा :* शिक्षा म्हणून कोणाच्याही घराचे पाणी तोडू नये. रागाच्या भरात झालेला हा एक ठराव समितीला पोलीस ठाण्यापासून न्यायालयापर्यंत फिरवून आणू शकतो.

पाणीपट्टीची विभागणी वापरानुसार करण्याची मागणीही याच काळात होते. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींमध्ये पाण्याचा आकार सदनिकेतील नळजोडांची संख्या व आकार यांवरून घेण्याची तरतूद आहे. ‘माणसे मोजून’ आकारणी करायची असल्यास तो निर्णय समितीच्या पातळीवर घेऊ नये. टँकरचा जादा खर्च मात्र देयकात वेगळ्या ओळीत दाखवावा, म्हणजे तो कशासाठी आहे हे प्रत्येकाला कळते.

महापालिकेचे पथक तपासणीला आले, तर नोंदवही, टँकरच्या पावत्या, गळती दुरुस्तीची यादी आणि सांडपाणी प्रक्रिया प्रकल्प असल्यास त्याची नोंद एकाच फाइलमध्ये काढून द्यावी. बागेला दिलेले पाणी प्रक्रिया केलेले असेल, तर नळावर तशी पाटी आधीच लावलेली असावी. पथकासमोर उभे राहून ‘साहेब, हे पिण्याचे पाणी नाही’ असे तोंडी सांगण्याची वेळ येऊ देऊ नये.

टप्पा ८ : कपात उठल्यावर

कपात उठल्याच्या पत्रकावरील तारीख पाहून त्याच्या आदल्या एक-दोन दिवसांत भूमिगत टाकीची सफाई करून घ्यावी. एरवी धुण्यासाठी हजारो लिटर पाणी उपसून टाकावे लागते, या दिवशी ती जवळपास रिकामीच असते. टाकी उघडी असतानाच आतली मापे पुन्हा घ्यावीत आणि पट्टीवरील खुणा ताज्या कराव्यात. पुरवठा पूर्ववत झाल्याच्या पहिल्या रात्री दाब अचानक वाढतो आणि महिनाभर कमी दाबावर चाललेले बॉल कॉक त्याच रात्री सर्वाधिक निकामी होतात. त्या रात्री वॉचमनला दर तासाला ओव्हरफ्लोच्या पाइपाकडे बघायला सांगावे आणि पहाटेची नोंद नेहमीप्रमाणे करावी.